चिप बदलली, वर्णन तेच राहिलं

माझी मावसबहीण मोनाली नंदागवळी हिने शाळेत पहिली थापड खाल्ली ती कॉम्प्युटरपायी. १९९९ साल होतं, ती आठवीत होती. शाळेला कुठल्याशा निधीतून एक कॉम्प्युटर मिळाला होता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत फुलाफुलांच्या चादरीखाली झाकून ठेवलेला असायचा. दसऱ्याला चादर काढायची, हार घालायचा, परत चादर. एकदा मोनालीला खडू आणायला त्या खोलीत पाठवलं. तिने चादर ओढली आणि बटण दाबलं. मुख्याध्यापक आले आणि त्यांनी एक ठेवून दिली. पोरगी रडली नाही. म्हणाली, "सर, मंग हे आनलं कायले?" तेव्हा दुसरी बसली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील, म्हणजे माझे गुलाब मौसाजी, शाळेत आले. रेल्वेच्या सिग्नल खात्यात खलाशी, म्हणजे मदतनीस होते, ड्युटीच्या कपड्यांतच आले. मुख्याध्यापकांना म्हणाले, "पोरीनं इचारलं त्याचं उत्तर द्या पयले. मारल्याचं मंग पाहू." मुख्याध्यापकांनी हजेरीपट पुढे ओढला. मौसाजी बराच वेळ दारात उभे राहिले आणि मग ड्युटीवर निघून गेले.

हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक म्हणायला लागले की नागपूरच्या नोकरीने तिला चिडकी केलं. तसं नाही. राग घरचाच होता, नागपूरला त्याला फक्त काम मिळालं.

तिने इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग केलं. प्रॅक्टिकलला पोरं सर्किट जोडायची आणि पोरींनी जर्नल लिहायचं, अशी तिथली पद्धत होती. हिने पहिल्याच आठवड्यात एका पोराच्या हातातून सोल्डरिंग आयर्न घेतलं आणि त्याला आपली वही दिली. नागपूरच्या कंपनीत मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्याने हसत विचारलं, "कोट्यातून का?" ही म्हणाली, "हो. सर्किट बोर्डाचे प्रश्न कधी विचारणार?" घेतलं तिला. त्यांना स्वस्तात काम करणारं माणूस पाहिजे होतं आणि हिला काम पाहिजे होतं.

काम काय, ते मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. मी कामठ्याच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर, मला बोर्ड म्हणजे फळा. एकदा कुडव्याला घरी आली असताना सुमन मावशीच्या, म्हणजे तिच्या आईच्या ओट्यावर बसून तिने मला समजावलं. एका छोट्या डबीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याला चालू झाल्याबरोबर आपल्या अंगावर काय काय जोडलंय हे आपोआप कळत नाही. ते कुणीतरी लिहून द्यावं लागतं. आठवण साठवायची फ्लॅश चिप कुठे आहे, तिच्याशी बोलणारा कंट्रोलर कोणत्या पत्त्यावर बसतो, किती तारांनी जोडलाय, त्याचं घड्याळ कोणतं, हे सगळं एका फाईलमध्ये. डिव्हाइस ट्री म्हणतात त्याला. ती फाईल लिहिणं हे तिचं काम होतं.

"आनि त्यात चुकलं त?" मी विचारलं.

"पत्ता चुकला त डबी चालूच होत नाई. ते बरं. लगेच समजते." मग ती म्हणाली, "काही चुका अशा असतात का डबी मस्त चालते. अन् मंग मे महिन्यात मरते."

फ्लॅश चिपमध्ये साठवलेला मजकूर हळूहळू बिघडतो, हेही तिनेच सांगितलं. एखादा एक शून्य होतो, एखादा शून्य एक. उन्हाने जास्त, वापराने जास्त. म्हणून कंट्रोलर प्रत्येक तुकड्याबरोबर थोडा जादा हिशेब लिहून ठेवतो आणि वाचताना त्यावरून चुका दुरुस्त करतो. एका तुकड्यात किती चुका दुरुस्त करायची तयारी ठेवायची, तो आकडा त्या फाईलमध्ये असतो. चांगल्या चिपला एक पुरतो. स्वस्त चिपला चार लागतात. चिप बनवणारा ते आपल्या कागदावर छापून देतो. तुम्ही एकच लिहिला, तर दोन चुका झाल्या की तो तुकडा गेला.

त्यांची डबी होती लसींच्या फ्रीजसाठी. आरोग्य केंद्रात लसी ठेवायचा फ्रीज असतो, त्याच्या आतलं तापमान डबी दिवसरात्र नोंदवायची आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून वरच्या ऑफिसला पाठवायची. नेटवर्क नसेल तिथे फ्लॅशमध्ये साठवून ठेवायची. आपल्या जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक आहे. तिथे डब्या साठवतच राहायच्या, नेटवर्क आलं की सगळं एकदम पाठवायच्या.

पहिल्या डब्यांमध्ये चांगली चिप होती. मोनालीने त्यांचं वर्णन लिहिलं, नीट चाललं. पुढच्या खेपेला कंपनीने दुसरी, स्वस्त चिप घेतली. पाय तेच, माप तेच, डबीत बसली. वर्णन जुनंच राहिलं. मोनालीला कुणी सांगितलंच नाही. दुरुस्तीला परत आलेली एक डबी तिने उघडली तेव्हा चिपवरचं नाव वेगळं दिसलं. तिने त्या चिपचा कागद शोधला, आकडा वाचला आणि मालकाच्या केबिनमध्ये गेली. मालकांना सगळे लिल्हारे सर म्हणत.

"सर, नवीन चिपला चार पाहिजे. आपल्या फाईलमध्ये एक आहे."

"मग बदल ना. एका आकड्याचं काम."

"फाईलमध्ये एका आकड्याचं आहे. पण आकडा बदलला की चिपवर लिहायची मांडणी बदलते, जुनं लिहिलेलं वाचताच येत नाही. म्हणजे बाहेर गेलेली प्रत्येक डबी परत आणून, उघडून, पुन्हा भरावी लागेल."

लिल्हारे सरांनी चष्मा काढला. "चालू आहेत ना डब्या?"

"आता थंडी आहे म्हणून."

"मग पुढच्या मॉडेलमध्ये करू."

तिने मेल केला. परत मेल केला. तिसऱ्याला उत्तर आलं की हा विषय पुन्हा काढू नये. घरी आली की सुमन मावशीच्या भाजीत मीठ जास्त, माझी गाडी घाण, रस्त्यावर ट्रॅक्टर उभा, सगळ्यांवर चिडायची. मावशी म्हणायच्या, "तुह्या सायबाचा राग माह्या वांग्यावर काऊन काढतं?" पण नोकरी सोडली नाही. मौसाजी रिटायर झाले होते, धाकटा अश्विन शिकत होता. मेल केलेत, लेखी आहे, एवढ्यावर तिने मनाला समजावलं. २०१४ चा उन्हाळा आला.

सौंदडच्या पुढे एक आरोग्य केंद्र आहे, नाव घेत नाही. तिथे शामकला बिसेन नावाच्या नर्सबाई होत्या. पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की ओट्यावरून हाक मारली तर बांधावरच्या बाया बाळं घेऊन निघायच्या. मे महिन्यात वरून साहेब आले. त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसत होतं की शामकलाबाईंच्या फ्रीजची दोन दिवसांची नोंदच नाही. नोंद नाही म्हणजे फ्रीज बंद, असा त्यांचा नियम. साहेबांनी खोलीत नजर फिरवली, कोपऱ्यात कूलर दिसला आणि त्यांची गोष्ट तयार झाली. बाईने कूलर लावायला फ्रीजचा प्लग काढला.

शामकलाबाईंनी लसीच्या बाटल्या काढून दाखवल्या. बाटलीवर एक छोटा चौकोन असतो, गरमी लागली की तो काळा पडतो. "पहा साहेब, पांढरा आहे का नाई? दोन दिवस फ्रीज बंद राहिला असता, या उनात, त हा पांढरा राहिला असता का?"

"मशीन काय खोटं बोलते का, सिस्टर?"

लसी खड्डा करून पुरल्या. त्याच दिवशी लसीकरण होतं. बाया उन्हात पोरं पदराखाली झाकून आल्या होत्या, त्यांना परत पाठवलं. शामकलाबाईंना नोटीस मिळाली. गावात कूलरवाली सिस्टर असं नाव पडलं.

हे मोनालीला कसं कळलं? लिल्हारे सरांनीच सांगितलं. जिल्ह्याच्या ऑफिसने कंपनीकडून अहवाल मागितला होता. सरांनी तो टाईप करून तिच्या टेबलावर ठेवला. उपकरण तपासले, निर्दोष आढळले, वापरकर्त्याने वीजपुरवठा खंडित केल्याचे दिसते. खाली तिचं नाव, सहीची जागा मोकळी.

"सर, ही डबी तर अजून आपल्याकडे आलीच नाही. तपासली कुणी?"

"मोनाली, फॉरमॅलिटी आहे."

"बाईची नोकरी जाईल."

"नोकरी नाही जात. समज देतात, बदली करतात. सरकारी आहे ती." मग ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, "तू सही नाही केलीस तर दुसरं कुणी करेल. फरक काय पडतो?"

मोनाली चिडली की ओरडत नाही, आवाज खाली जातो. तिने तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर राजीनामा लिहिला. टाईप करायलाही थांबली नाही. सर म्हणाले, "तुम्हा लोकांना संधी दिली की हे असं." ती दारातून परत वळली. "तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, सर? नीट सांगा, सगळ्यांना ऐकू येईल असं." काचेपलीकडे सगळा स्टाफ बघत होता. सर समोरचे कागद चाळायला लागले.

जुलैत शामकलाबाईंची चौकशी होती, आणि मी साक्ष द्यायला येते असं मोनालीने स्वतःहून कळवलं होतं. भाताच्या रोवणीचे दिवस. मी शाळेतून रजा काढली आणि तिला मोटारसायकलवर घेऊन आमच्याकडचं गोरेगाव, मग कोहमारा करत निघालो. दोन्ही बाजूंना बांध्यांत बाया वाकून रोवणी करत होत्या, चिखलाचे ट्रॅक्टर रस्त्यावर. एरवी ती मागे बसून गाणी म्हणते. त्या दिवशी गाणं नव्हतं. कोहमाऱ्याजवळ एकदम म्हणाली, "राजदीप भाऊ, मले हिवाळ्यातच मालूम होतं."

"तू मेल केले होते ना."

"मेल केले ना. मेल!" ती हा शब्द असा बोलली की जणू थुंकली.

आरोग्य केंद्राच्या मधल्या खोलीत टेबल लावलं होतं. चौकशीला आलेले दुसरे साहेब, त्यांचा कारकून, कंपनीचा एक टाय लावलेला पोरगा आणि खुर्ची असूनही भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शामकलाबाई. कंपनीच्या पोराने मोनालीला पाहिलं आणि फोन काढून बाहेर गेला. परत येऊन म्हणाला, "सर, ह्या मॅडम आता आमच्याकडे नाहीत. नाराज होऊन गेल्या आहेत."

"नाराज आहेच," मोनाली म्हणाली. "आता ऐका काऊन ते."

तिने सांगायला सुरुवात केली. कंट्रोलर, तुकडे, दुरुस्तीचा आकडा. साहेबांचे डोळे जड व्हायला लागले. ते म्हणाले, "मॅडम, हे मराठीत सांगा."

"मराठीतच सांगते. ही डबी लिहिते, पण तिनेच लिहिलेलं तिला नंतर वाचता येत नाही. जे वाचता येत नाही तिथे ती रिकामी जागा पाठवते. आणि त्या रिकाम्या जागेला तुम्ही फ्रीज बंद म्हणता. फ्रीज चालू होता, साहेब. डबीची आठवण गेली होती. आठवण का गेली, तर चिप बदलली आणि वर्णन बदललं नाही. आणि हे कंपनीला आधीपासून माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं."

"पुरावा?"

"जिथे जिथे नेटवर्क नाही आणि नवीन डबी आहे, तिथल्या मे महिन्याच्या नोंदी उघडा. सगळीकडे भोकं दिसतील. सगळ्याच सिस्टरांनी कूलर लावले असतील तर गोष्ट वेगळी."

कारकुनाला हसू आलं, त्याने ते दाबलं. कंपनीचा पोरगा म्हणाला, हा तांत्रिक विषय आहे, कंपनी लेखी उत्तर देईल. मोनाली त्याच्याकडे वळली. "तू नवीन आहे का? तुह्या नावानं पण टाईप करतील ते एक दिवस. सही करायच्या आधी डबी उघडून पाय." पोरगा लाल झाला. साहेबांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं, तिने सही केली, आणि ते म्हणाले की बाकी केंद्रांच्या नोंदी मागवतो. मनाने वाईट माणूस नसावा. आपल्या खात्याने मशीनवर विश्वास ठेवला याची त्यांना लाज वाटत होती की कंटाळा आला होता, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

बाहेर आलो. मला वाटलं, आता शामकलाबाई येतील, हात धरतील, चहा पाजतील. मी तर हसतच उभा होतो. त्या आल्या. मोनालीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कवापासून मालूम होतं तुमाले?"

मोनाली खरं बोलली. "हिवाळ्यापासून."

"हिवाळ्यापासून." शामकलाबाईंचा तो हाक मारायचा आवाज आता अगदी जवळून येत होता. "म्या लसी पुरल्या त्या मे महिन्यात. ह्या हातानं. चांगल्या लसी. बाया रडून राहिल्या होत्या, का सिस्टर, एवढं दूर चालत आलो. माह्या नवऱ्यानं इचारलं, खरंच कूलर लावला का तू? माह्या नवऱ्यानं! अन् तुमी नागपूरले बसून मालूम असून राहिल्या?"

"मी सांगितलं होतं कंपनीले. ऐकलं नाई."

"मीबी सांगितलं होतं. बाटलीचा चौकोन दाखवला. कोनी ऐकलं? आज तुमी आल्या, इंजिनेर, चार शब्द बोलल्या, त साहेब लिहून घेऊन राहिला. तीस वर्सं मी सुई टोचून राहिली या गावात. माह्या तोंडाचं खरं नाई, मशीनचं खरं. अन् मशीन खोटी निघाली तरी माह्या तोंडाचं खरं नाई, तुमच्या तोंडाचं खरं. याचा राग येते मले. तुमचाबी येते."

आणि त्या आत निघून गेल्या. दरवाजा त्यांनी आपटला नाही, फक्त लावला.

मी मोनालीला म्हटलं, "काय बाई आहे! आपण एवढं तिच्यासाठी..."

"चूप राय भाऊ," ती म्हणाली. "बरोबर बोलून राहिली ते."

परत येताना सौंदडच्या फाटकाजवळ मालगाडी लागली. फाटक बंद. ती गाडीवरून उतरली आणि रुळाकडे पाठ करून उभी राहिली. रडत होती की चिडली होती, मी विचारलं नाही. मालगाडी खूप लांब होती, ते बरं झालं.

नोंदी आल्या. भोकं बऱ्याच केंद्रांत निघाली, एका ठिकाणी तर दवाखाना सुट्टीत कुलूपबंद होता, प्लग काढायला कुणी नव्हतं, त्या दिवसांचीही. शामकलाबाईंवरची नोटीस मागे घेतली गेली. पण तोवर त्यांची बदली होऊन गेली होती, आणि बदली मागे घ्यायचा कागद कुणी काढला नाही. कंपनीने डब्या गुपचूप बदलून दिल्या, नव्या डबीवर नवीन स्टिकर, आणि पुढच्या वर्षीचं कामही त्याच कंपनीला मिळालं. लिल्हारे सरांचा पेपरात फोटो आला, ग्रामीण आरोग्यात तंत्रज्ञान वगैरे. सुमन मावशींनी त्या पानावर मिरच्या वाळत घातल्या. मोनालीने मिरच्या उचलल्या, पान फाडलं आणि मिरच्या दुसऱ्या कागदावर पसरल्या. म्हणाली, "मिरच्या खराब होतील."

नंतर तिला काही महिने नोकरी नव्हती. नागपूरच्या दोन-तीन कंपन्यांनी फोन उचलणं बंद केलं. ती कुडव्यातच राहिली, अश्विनच्या खोलीत टेबल टाकलं. त्या दिवसांत तिने एक काम केलं ज्याचे कुणी पैसे दिले नाहीत. त्या कंट्रोलरचं वर्णन कसं लिहावं, याचा कागद जगभरातल्या लोकांसाठी इंटरनेटवर खुला ठेवायचा असतो. तो तोवर कुणी नीट लिहिलाच नव्हता, जो तो आपापल्या कंपनीत ठेवून बसलेला. हिने लिहून पाठवला. असे कागद तपासणारा कोण कुठला परदेशी माणूस उत्तर द्यायचा, हे चुकलं, ते काढा. ही चिडायची, रात्रीचं जेवण टाळायची, सकाळी उठून दुरुस्त करायची. "हा माणूस बरोबर बोलते," ती दात खाऊन सांगायची, "म्हनून जास्त राग येते." शेवटी तो कागद स्वीकारला गेला. त्यात दुरुस्तीच्या आकड्यापुढे तिने एक वाक्य घातलं होतं, की हा आकडा चिप बनवणाऱ्याच्या कागदावरून घ्यावा, मागच्या बोर्डावरून नक्कल करू नये. परदेशी माणसाने ते तसंच राहू दिलं. ते पाहून बंगलोरच्या एका कंपनीने काम दिलं, घरून करायचं. अजून तेच करते.

शामकलाबाई आमगावकडच्या एका केंद्रात गेल्या होत्या. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यांचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. नमस्कार नाही, काही नाही. "तुमीच ना त्या डबीवाल्या? इथंबी लावली एक. लाल बत्ती लागून राहिली. माह्यावर आनखी काही यायच्या पयले येऊन पाहून जा."

"मी आता त्या कंपनीत नाई, सिस्टर."

"मालूम आहे मले. म्हनून त तुमाले बोलावलं."

मोनाली गेली. मी पुन्हा गाडीवर. केंद्रात बाया रांगेत बसल्या होत्या, पोरं रडत होती, शामकलाबाई एकामागून एक मांडी पकडून सुई टोचत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी मानेनेच फ्रीजकडे खूण केली. मोनालीने डबी तपासली. नेटवर्कचं सिम सैल झालं होतं, एवढंच. चिप कोणती आहे तेही तिने उघडून पाहिलं. चिप चांगली होती, नोंदी पूर्ण वाचता येत होत्या. तिने तसं सांगितलं.

"म्हंजे बरोबर आहे?"

"आज बरोबर आहे," मोनाली म्हणाली.

शामकलाबाईंनी पुढच्या बाळाची मांडी पुसली. "बसा मंग," त्या म्हणाल्या. "एवढ्या पोरायचं होऊ द्या. मंग तुमच्या त्या मालकाचं नाव काय होतं ते सांगा मले. मले त्याले एक फोन लावाचा आहे."

मोनालीने नाव सांगितलं. नंबरही दिला. आणि रांग संपून त्या फोन लावेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो.